बॉयलरला काहीही पाजा, मालक

मालक, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचं प्रोसेस हाऊस, म्हणजे टॉवेल धुऊन-रंगवून द्यायचा कारखाना, चालवायचा म्हणजे आधीच डोक्याला ताप कमी नाही. सुताचे भाव, रंगाची उधारी, पार्टीचे तगादे. त्यात बॉयलरच्या पाण्यात कशाला डोकं घालता? उजनी धरणाचं आलं तर उजनीचं, नाहीतर बोअरचं, बोअर आटलं की टँकरचं. तिन्हींचा जडपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, वेगळा असतो असं कुणी म्हणालं, तर "आम्ही हेच पितो, आम्हाला काय झालं?" असं ठणकावून विचारा. मुतखड्याचा विषय मात्र निघू देऊ नका.

पाणी मऊ करणारा सॉफ्टनर आहे ना कोपऱ्यात उभा? बास. त्यातलं रेझिन, म्हणजे जडपणा धरून ठेवणारे दाणे, मिठाच्या पाण्यानं धुवायचं ते रविवारीच. मंगळवारी टँकर बदलला तरी रविवारच. टेस्ट किट कपाटात कुलूप लावून ठेवा. दोन थेंब टाकले की मऊ पाणी निळं होतं आणि जड पाणी लालसर. उगाच लाल बघून रक्तदाब वाढायचा.

ब्लोडाऊन, म्हणजे बॉयलरमधलं खारट पाणी अधूनमधून सोडून देणं, ही तर शुद्ध उधळपट्टी. पैसे मोजून तापवलेलं पाणी गटारात सोडायचं? सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि बदल्यात सोडियम देतो, म्हणजे टीडीएस, पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, तिथंच. वाफ निघून जाते, क्षार मागं साचतात. साध्या बॉयलरला टीडीएस 3500 पीपीएमच्या आत ठेवा म्हणतात. म्हणू द्या. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासात फेस दिसेल, पाणी वरखाली नाचेल, वाफेची लाइन धाडधाड वाजेल. वाफेबरोबर हेच पाणी जिथं वाफ थेट पाण्यात सोडतात त्या टाकीत उतरेल आणि पांढऱ्या टॉवेलवर डाग उठतील. खापर डाईंग मास्टरवर फोडा. तो बिचारा दोन शिफ्ट रेसिपीच तपासत बसेल.

कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन परत आलेलं पाणी, गुलाबी यायला लागलं तर काय, असं परवा एकानं विचारलं. भाग्यवान माणूस! जिगरच्या, म्हणजे कापड रंगवायच्या मशीनच्या, वाफेच्या कॉइलला बारीक भोक पडलं की वाफ बंद केल्यावर आत पोकळी होते आणि टाकीतला रंग कॉइलमध्ये ओढला जातो. तिथून फीड टँक, तिथून बॉयलर. एकेका मशीनचं कंडेन्सेट बादलीत धरून चोर शोधायचा आणि तोवर ते गटारात सोडायचं, हे सकाळभराचं काम. पण सकाळी चहा असतो, पार्टी येते. राहू द्या.

फीड टँकमधल्या थंड पाण्यातला ऑक्सिजन बॉयलरच्या ट्यूबला खड्डे पाडतो, त्याचं एवढं काय.

आता जळण. ट्यूबवर जड पाण्यातल्या क्षारांचा 1 मिमी थर बसला की 5 ते 8 टक्के जळण जास्त लागतं, असं ऊर्जा ऑडिटवाले सांगतात. तुम्ही ब्रिकेटवाल्याशी, म्हणजे भुशाच्या जळणकांड्या पुरवणाऱ्याशी, भांडा. माल ओला देतो म्हणा, निम्म्या वेळा ते खरंही असतं. चिमणीतल्या धुराच्या तापमानाचा काटा महिन्यागणिक वर सरकत असेल तर तो सोलापूरचा उन्हाळा समजा, डिसेंबर असला तरी.

आणि ट्यूब फुटायचीच असेल तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत फुटू द्या. निम्मे कामगार रजेवर, वेल्डर होम मैदानावर पोरांना पाळण्यात बसवतोय. दुसऱ्या दिवशी तो जुनी ट्यूब कापून बाहेर काढील. वर चुन्यासारखा पांढरा थर असेल, नखानं खरवडला तरी न निघणारा. तिच्याकडं बघू नका, भंगारात टाका. बॉयलर सांभाळणाऱ्या फायरमनला घरी पाठवा, नवी ट्यूब बसवा आणि टँकरवाल्याला फोन लावा: संध्याकाळपर्यंत पाणी पाहिजे, कुठलंही चालेल.