घोडीचा रंग उतरला म्हणजे फसवणूक झाली, असे नव्हे

यवतमाळ, वाशीम आणि अमरावतीकडच्या घोडीवाल्यांच्या व शेतकऱ्यांच्या मोबाइलवर गेले काही महिने एक संदेश फिरतो आहे. घोड्याचा रंग जन्मापासून मरेपर्यंत एकच असतो, त्यामुळे काळे म्हणून घेतलेले शिंगरू पुढे पांढरे पडले तर विकणाऱ्याने रंग फासून फसवले असे खुशाल समजावे, असे त्यात म्हटले आहे. पांढरी घोडी म्हातारी असते, अंगावरचे पांढरे डाग म्हणजे कोड असून ते गोठ्यातल्या इतर जनावरांना लागते, पांढऱ्या खुराचा घोडा कच्चा असतो आणि देवमण (शुभ मानलेला केसांचा भोवरा) असलेले किंवा पंचकल्याणी (चार पाय आणि तोंड पांढरे असलेले) जनावर कितीही महाग पडले तरी घ्यावेच, हीदेखील त्यातली विधाने आहेत. या संदेशाच्या भरवशावर लोक प्रामाणिक विकणाऱ्याशी भांडण काढतात आणि जिथे खरोखर डोळे उघडे ठेवायला हवेत तिथे गाफील राहतात, म्हणून त्याचा एकेक मुद्दा तपासणे आवश्यक वाटते.

असा संदेश खरा वाटण्यामागे कारण आहे. देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३.४ लाखांवर आली. टांगे गेले, शेतावर जायला मोटारसायकल आली, आणि एकच जनावर शिंगरूपणापासून म्हातारपणापर्यंत डोळ्यांसमोर पाहिलेली माणसे गावोगावी कमी झाली. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेतून वरातीसाठी पहिल्यांदाच घोडी आणणाऱ्याला तिचा रंग फिरताना पाहून धक्का बसणे स्वाभाविक आहे.

पहिले विधान, म्हणजे रंग बदलत नाही हे, सरळ चुकीचे आहे. घोडेवाले ज्याला सब्जा म्हणतात तो घोडा जन्मतः काळा, तांबडा किंवा कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपूट आणि काळे पाय), यांपैकी कोणत्याही रंगाचा असू शकतो, आणि दरवर्षी जुने केस गाळताना त्याच्या अंगात पांढरे केस वाढत जातात. आधी तो राखी दिसतो, मग अंगावर गोल गोल छटा उठतात, आणि साधारण सहा ते आठ वर्षांत तो जवळजवळ पांढरा होतो. काहींच्या पांढऱ्या अंगावर पुढे बारीक तपकिरी ठिपके येतात. याचे कारण २००८ मध्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने दाखवून दिले: एका विशिष्ट जनुकातील सुमारे ४,६०० अक्षरांचा तुकडा या घोड्यांत दुहेरी झालेला असतो, आणि त्यामुळे केसांना रंग देणाऱ्या पेशी लवकर संपतात. कातडीतला रंग मात्र टिकतो. म्हणूनच पांढऱ्या सब्ज्या घोडीचे नाक, ओठ आणि डोळ्यांच्या कडा काळ्याच राहतात.

हा गुण आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, आणि तो पिढी ओलांडून येत नाही. ग्राहकाला याचा थेट उपयोग आहे: शिंगराची आई किंवा बाप सब्जा असेल तर त्याचा आजचा रंग टिकेलच असे धरून चालू नये, आणि दोघेही सब्जे नसतील तर शिंगरू सब्जे निघणार नाही. शिंगरू दोन-तीन महिन्यांचे झाले, बाळकेस गळू लागले, की त्याला सकाळच्या उजेडात उभे करून डोळ्यांभोवती पाहावे. काळ्याभोर चेहऱ्यावर पापण्यांच्या कडेने राखी केसांचे कडे उमटलेले दिसले, तर ते शिंगरू पुढे पांढरे होणार. इतके साधे लक्षण असताना बोली लावण्यापूर्वी ते पाहण्याची सवय आपल्याकडे नाही, याची खंत वाटते.

रंगाचे इतर बदलही निर्दोष असतात. अस्सल काळ्या घोड्याचे शिंगरू पुष्कळदा मातकट रंगाचे जन्मते. कुमैत शिंगराचे पाय सुरुवातीला फिकट असतात आणि बाळकेस गळाल्यावर ते काळे होतात. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात काळी घोडी दिवसभर उभी राहिली तर तिच्या केसांची टोके लालसर पडतात. नवे केस आले की ती पुन्हा काळी होते. रंग फासण्याचे प्रकार यात्रांतून होत नाहीत असे नाही. पण शंका असेल तर केस उलटे सारून मुळाशी पाहावे: फासलेला रंग केस वाढल्यावर मुळाशी तुटतो, तर सब्ज्या घोडीत काळे-पांढरे केस एकमेकांत मिसळून उगवलेले असतात.

पांढरी म्हणजे म्हातारी, हे विधान माणसाच्या पिकलेल्या केसांवरून घेतलेले दिसते. सब्जी घोडी सातव्या वर्षी, ऐन उमेदीत पांढरी असते, आणि नुकरा तर गुलाबी कातडी घेऊन पांढराच जन्मतो. उलट तांबडी घोडी विशीत गेली तरी तिच्या कपाळावर आणि डोळ्यांपाशी थोडेच पांढरे केस येतात. वय दातांत पाहायचे असते. समोरचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांनी जोडीजोडीने बदलतात आणि पाचव्या वर्षी तोंड जुळते, म्हणजे समोरचे कायमचे दात पूर्ण येतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीलगत एक उभी खाच दिसू लागते, ती पंधराव्या वर्षी निम्म्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी दाताच्या टोकापर्यंत उतरते. हा अंदाजच असतो, पण केसांच्या रंगापेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे.

कोडाचा मुद्दा मात्र घातक आहे, कारण त्यापायी चांगली जनावरे मातीमोल भावाने विकली जातात. कपाळावरचा टिळा आणि पायांवरचे पांढरे मोजे जन्मतःच असतात, खालची कातडी गुलाबी असते आणि त्यांचा आकार आयुष्यभर तोच राहतो. पांढऱ्या झालेल्या सब्ज्या घोडीचे नाक पाण्याने भिजवून केस कातडीला चिकटू दिले, तर शिंगरूपणी असलेला पट्टा गुलाबी रेघेने पुन्हा दिसतो. पाठीवरचे किंवा तंगाखालचे (खोगीर आवळायच्या पट्ट्याखालचे) पांढरे ठिपके बहुधा खोगिराच्या जखमांचे असतात. तिथली रंगपेशी मेली म्हणून केस पांढरे उगवले. तो रोग नव्हे, पण जनावराला कसे वापरले गेले हे त्यावरून कळते. ओठांवर आणि डोळ्यांभोवती कातडी खरोखर पांढरी पडत जाणे सब्ज्यांत अधिक आढळते, आणि तेही दुसऱ्या जनावराला लागत नाही. लागतो तो नायटा, ज्यात गोल चट्ट्यांवरचे केस झडून खपली धरते. सब्जी घोडी बाळगणाऱ्याने खरी काळजी शेपटीखालच्या काळ्या गाठींची करावी. पंधरा वर्षांपुढच्या सब्ज्या घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांत अशा रंगपेशींच्या गाठी आढळतात. बऱ्याच गाठी हळू वाढतात, पण काही पसरतात, म्हणून पशुवैद्यकाला वेळीच दाखवाव्यात.

पांढऱ्या खुराबद्दल थोडक्यात सांगता येईल. खुराचा रंग वरच्या कडेच्या कातडीवरून ठरतो, मजबुती नव्हे. खूर कुजतो तो पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात आणि मुताने भिजलेल्या ठाणावर जनावर उभे राहिल्याने, आणि दीड-दोन महिन्यांनी व्हायला हवी ती छाटणी न झाल्याने.

देवमण आणि पंचकल्याणी यांवरची श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. तिच्यापायी कर्ज काढून दुप्पट किंमत मोजणे मला मान्य नाही. चार पांढरे पाय आणि पांढरे तोंड यांनी चाल, दम किंवा स्वभाव ठरत नाही. भोवऱ्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. ते जन्मापासून जिथे असतात तिथेच राहतात आणि प्रत्येक घोड्यात त्यांची मांडणी निराळी असते, म्हणून जगभर घोड्यांच्या ओळखपत्रांवर त्यांची आकृती काढतात. सब्जे शिंगरू घेताना पावतीवर नुसता “रंग काळा” असे लिहून घेतले, तर पाच वर्षांनी ती पावती त्या घोडीची आहे हे कोणालाही पटवता येणार नाही. त्याऐवजी “जन्मरंग काळा, सब्जी होणार” असे लिहून कपाळावरचे, मानेवरचे आणि छातीवरचे भोवरे, तसेच गुलाबी कातडीचे पट्टे कुठे आहेत ते नोंदवावे आणि त्याखाली विकणाऱ्याची सही घ्यावी.