ताई, तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ७/१२ वर नाव लावायचं साधं काम होतं तर वकिलांनी उगाच दावा लावायला सांगितला, चेक बाऊन्सची केस घेतलीच नाही, तारखेला स्वतः न येता ज्युनिअरला पाठवलं आणि यांचा अनुभव काय ते कुठेच लिहिलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय.

ज्युनिअरचं बरोबर आहे, चूक माझीच. तुम्ही एवढ्या लांबून शिवाजीनगर कोर्टात आलात, आदल्या दिवशी फोन करून सांगायला हवं होतं. सॉरी.

तुमच्या कागदांत काय आहे ते इथे लिहिणार नाही, वकिलाने ते बाहेर बोलायचंच नसतं. पण खूप बहिणींचा हाच समज असतो म्हणून सगळ्यांसाठी सांगतो. फेरफाराने, म्हणजे ७/१२ वरची नावं बदलायच्या नोंदीने, मालकी ठरत नाही, ती महसुलाची नोंद असते. वारस नोंदीत नाव गाळलं तर ६० दिवसांत प्रांतांकडे (प्रांताधिकाऱ्यांकडे) अपील करता येतं, उशीर झाला तर माफीचा अर्ज जोडायचा. पण भावांनी हक्कसोडपत्र (बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) रजिस्टर करून घेतलं असेल आणि आपण सही कशावर केली हेच बहिणीला माहीत नसेल तर प्रांत ते रद्द करू शकत नाहीत, दिवाणी कोर्टातच जावं लागतं आणि तेही कळल्यापासून ३ वर्षांच्या आत, म्हणून मी प्रत्येकाला आधी इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, काढायला लावतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळालाय हो, तो तलाठी ऑफिसला हेलपाटे घालण्यात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

चेकचं म्हणाल तर मी फौजदारी बाजू करतच नाही. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधून एलएलबी, २००९ ची सनद (वकिलीचा परवाना), तेव्हापासून जमीन, वाटप, वारसा आणि सोसायट्यांचं कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं) एवढंच काम. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांत नोटीस जावी लागते, त्यात माझ्याकडे दिवस जायला नकोत म्हणून त्याच दिवशी तुम्हाला दुसऱ्या वकिलांचा नंबर दिला, त्यांच्याकडून मी एक रुपया घेतलेला नाही.

आणि वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, वेबसाइटवर सुद्धा नाव, पत्ता, फोन, सनद नंबर, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहितीच टाकता येते. माझी वेबसाइट नाहीये, पण निदान पहिल्या भेटीत मी कोणतं काम करतो ते सांगायला हवं होतं, ते यापुढे सांगत जाईन.

शनिवारी पाचनंतर मी ऑफिसलाच असतो. फाईल परत हवी असेल तर घेऊन जा, नाहीतर बसून पुन्हा सगळं नीट समजावतो, त्याची फी नाही.