ठाण्यात वाजवलेली शिट्टी

‘धुरंधर’ हा सिनेमा ज्याला आवडला नाही तो एकतर विकला गेलाय नाहीतर भित्रा आहे, असं माझ्या धाकट्या भावाने डिसेंबरात घरच्या ग्रुपवर ठोकून दिलं. दोन दिवसांनी मावसबहिणीने उलट टोक गाठलं: आवडला म्हणणारे सगळे द्वेषाला चटावलेले. तिकडे समीक्षकांना एवढ्या शिव्या पडल्या की त्यांच्या संघटनेला निषेधाचं पत्रक काढावं लागलं. मला याचा मनापासून संताप येतो. साडेतीन तासांचा हेरपट आहे. अक्षय खन्नाचा टोळीप्रमुख रहमान डकैत अंगावर काटा आणतो, हाणामारी मात्र नको तितकी लांबते. एवढं म्हणायला देशप्रेमाचा दाखला कशाला जोडायचा?

मी भावाला लिहिलं, इथे दुबईत तो लागलाच नाही, आखाती देशांनी परवानगी नाकारली, आणि आमचं काही अडलं नाही. अल कूझच्या गोदामात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस खुद्द ल्यारीचा आहे, सिनेमात दिसते त्या कराचीतल्या वस्तीचा. तुम्ही ती वस्ती फक्त पडद्यावर पाहिलीत. तो बोलतो फुटबॉलबद्दल, आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या ल्यारीच्या हुसेन शाह या मुष्टियोद्ध्याबद्दल. टोळीयुद्धाच्या दिवसांत आई गच्चीवर जाऊ द्यायची नाही, एवढंच एकदा म्हणाला. आम्ही एका डब्यातून जेवतो, कुणी आवाज चढवत नाही.

भावाचं उत्तर आलं: “दादा, तू त्यांच्याबरोबर करक चहा पी. तुला २६/११ चं काय?”

मला काय! त्या रात्री मी सीएसटीहून नऊची ठाणे लोकल पकडली होती. अर्ध्या तासाने तिथे गोळीबार सुरू झाला. भाऊ तेव्हा शाळेत होता. हे मी ग्रुपवर लिहिलं आणि पुसून टाकलं. देशात नसलेल्या माणसाने असले पुरावे द्यायचे म्हणजे काकुळतीला येणं वाटतं.

आणि इथल्या ज्या शांततेचा मी त्याला तोरा दाखवला, ती निम्मी व्हिसाची आहे. चढ्या आवाजाची किंमत आम्हा दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून आम्ही काही विषय काढतच नाही.

नाताळच्या सुट्टीत ठाण्याला गेलो आणि भावाबरोबरच तो पाहिला. पडदा लाल होतो, त्या रात्रीचं हल्लेखोरांचं फोनवरचं संभाषण ऐकू येतं, तेव्हा थिएटरात कुणी हललं नाही. मी रडत होतो. पुढे कधीतरी सगळ्यांबरोबर मीही शिट्टी वाजवली. पंधरा वर्षांत इतक्या मोकळेपणी कुठे ओरडलो नव्हतो. भावाने माझ्या खांद्यावर हात टाकला.

परतल्यावर पहिल्याच सकाळी शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, “पिक्चर देखी?”

“टाइम नहीं मिला,” मी म्हणालो.

त्याने मोबाइलवर पाहिला होता. गल्ल्या आपल्या वाटल्या नाहीत म्हणाला, आणि डबा उघडून माझ्याकडे सरकवला. शिट्टीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. भावालाही सांगितलेलं नाही, की तो डबा पुढे आला तेव्हा मला त्याच्याकडे वर बघवलं नाही.