जीटरचा गोपनीय अहवाल

न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या डेरेक जीटरला मी क्षेत्ररक्षणासाठी चार दिले, तेव्हा माझ्या चष्म्याच्या नंबरापासून जन्मगावापर्यंत सगळ्याची चौकशी झाली. त्याच जीटरला माझ्या सासऱ्यांनी तीन दिले, तर त्यांच्याशी उभं राहून हस्तांदोलन. सासऱ्यांनी आयुष्यात बेसबॉलचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाही. फटका मारल्यावर बॅट तिथेच टाकून का पळतात, 'सरकारी असते का?', ही त्यांची शंका अजून मिटायची आहे.

न्यू जर्सीतल्या एका तळघरात आम्ही काही जण फाशांवर बेसबॉल खेळतो. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड, कार्डावर आकड्यांचे रकाने. तीन फासे टाकायचे. पहिल्यावर एक ते तीन आलं तर फलंदाजाचं कार्ड बघायचं, चार ते सहा आलं तर पिचरचं, म्हणजे गोलंदाजाचं. उरलेल्या दोघांची बेरीज म्हणजे रकान्यातली ओळ. ही पद्धत हॅल रिचमनची. त्याने १९६१ मध्ये 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' बाजारात आणलं, पण खेळ डोक्यात घोळायला लागला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तेव्हाचा प्रसिद्ध खेळ काटा फिरवायचा होता आणि काटा काही त्याला पटेना. त्या वयात आम्ही भूगोलाचं पुस्तक मधेच उघडून पानाच्या शेवटच्या आकड्यावर चौकार-षटकार मारत होतो. त्यातून कोणी कंपनी काढली नाही. बाईंनी पुस्तक तेवढं काढून घेतलं.

आमच्या लीगमध्ये विकतची कार्डं चालत नाहीत. पद्धत रिचमनची, कार्डं घरची. का, ते विचारू नका. आमचा कमिशनर निवृत्त गणित शिक्षक आहे, एवढं उत्तर पुरे. यंदा २००५ चा मोसम घ्यायचं ठरलं आणि क्षेत्ररक्षणाचे नंबर लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

फलंदाजीचं कार्ड करणं म्हणजे नुसता हिशेब. तीन फाशांच्या २१६ शक्यता. सातची बेरीज ३६ पैकी सहा वेळा येते, दोनाची एकदाच. एखाद्याचे मोसमातले होमरन त्या हिशेबात बसवायचे, अपूर्णांक उरला तर वीस पैलूंचा फासा आहेच. तिथे कोणी भांडायला येत नाही. क्षेत्ररक्षणाला मात्र एक ते पाच असा नुसता नंबर द्यायचा. एक म्हणजे सर्वोत्तम, पाच म्हणजे घरी बसलेला बरा. या नंबरामागे सरळ एक आकडा नसतो. त्यामुळे त्यावर प्रत्येकाचं मत असतं, आणि ते मत लहानपणी ज्या संघाची टोपी घातली त्यावर ठरलेलं असतं.

जीटर शॉर्टस्टॉप. शॉर्टस्टॉप उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. २१६ पैकी सात शक्यतांत 'बघा, शॉर्टस्टॉपला जमतं का' हा प्रश्न येतो. एका संघापुढे मोसमभरात साधारण ६,२०० वेळा फलंदाज उभा राहतो, म्हणजे दोनशेच्या आसपास वेळा सामना त्या एका नंबरावर लटकतो. म्हणून मी जीव तोडून काम केलं. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्स याची जुनी रीत आहे: सामन्यामागे किती बळींना या माणसाचा हात लागला ते मोजायचं. पण संघाचे पिचर फलंदाजांना परस्पर स्ट्राइकआऊट (फटका न लागताच बाद) करत असतील तर बिचाऱ्याकडे चेंडू येणार कुठून? ते वजा केलं. पिचर डावखुरे किती, चेंडू जमिनीवरून जास्त येतात की हवेतून, तेही पाहिलं. शनिवार गेले, रविवार गेले. बायकोने गराज आवरायचं सांगितलं होतं, तोही विषय गेला. आणि उत्तर तेच आलं जे आकडेवाले लोक वर्षानुवर्षं सांगतात: जीटर हा थोर फलंदाज, थोर कर्णधार आणि सुमार शॉर्टस्टॉप. चार.

आमच्या लीगमध्ये एक प्लंबर आहे. माणूस सोन्यासारखा, पण यांकीजचा भक्त. 'चार' ऐकल्यावर तो काही बोलला नाही. त्याने कमिशनरचा सोफा भिंतीपासून ओढून काढला, तो स्टेडियमचा कठडा आहे असं जाहीर केलं, आणि १ जुलै २००४ चा प्रसंग करून दाखवला. रेड सॉक्सविरुद्ध, बारावी इनिंग, ट्रॉट निक्सनचा उंच उडालेला चेंडू. जीटर धावत सुटतो, झेल घेतो आणि त्याच वेगात प्रेक्षकांत कोसळतो. हनुवटीतून रक्त. प्लंबरही कोसळला. सोफ्याचा एक पाय गेला.

"आता सांग. चार?"

मी शांतपणे म्हटलं, की झेल आधीच हातात होता, प्रेक्षकांत पडला तो थांबता आलं नाही म्हणून. शिवाय हे २००४ मधलं, आपली कार्डं २००५ ची. त्यावर त्याने २००१ मध्ये ओकलंडविरुद्ध जीटरने पळत येऊन उलट्या हाताने होमप्लेटवर टाकलेला तो प्रसिद्ध थ्रो काढला. म्हणजे हा माणूस मागेमागे चालला होता. आणखी वाद घातला असता तर जीटरच्या शाळेपर्यंत पोचला असता. शेवटी ठेवणीतलं वाक्य आलं: "तू क्रिकेटवाला आहेस. तुला हे दिसणार नाही."

एवढा वेळ अण्णा कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीवर होते. मी हट्टाने सहा महिन्यांसाठी आणलेले हे माझे सासरे घरी एकटे कंटाळतात म्हणून त्यांना बरोबर घेतलं होतं. तळघर गार, म्हणून कानटोपी. मांडीवर चिवड्याचा डबा. अण्णा सरकारी खात्यातून निवृत्त झाले. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण त्यांचा अजून तिथे वचक आहे. नोकरीचा बराचसा काळ त्यांनी हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहिण्यात घालवला. माझे तक्ते ते बराच वेळ उलटे धरून वाचत होते.

"जावईबापू, हे कोणी भरलं?"

"मी."

"म्हणजे प्रतिवेदन अधिकारी तुम्ही. पुनर्विलोकन कोण करतं?"

मी कमिशनरकडे बोट दाखवलं. अण्णांनी मान तुकवली, कमिशनरनेही तुकवली. दोघांची काय ती ओळख पटली देव जाणे.

"सोलकरला किती दिले असते?"

"अण्णा, तो क्रिकेटमधला."

"विचारलं तेवढं सांगा."

"एक."

"एकच?"

"एक म्हणजे सगळ्यात वरचा."

"मग ठीक." आणि अण्णा इंग्रजीत सुरू झाले. त्यांचं इंग्रजी टिप्पणीचं असतं, प्रत्येक वाक्याला मुद्दा क्रमांक असल्यासारखं. १९७१, ओव्हल. वेंकटराघवनचा चेंडू, समोर ॲलन नॉट. एकनाथ सोलकर शॉर्ट लेगला, बॅटपासून हातभर. पुढे झेपावला, जमिनीलगत झेल. २७ कसोटींत ५३ झेल. डोक्यावर हेल्मेट नाही.

प्लंबरने विचारलं, "ग्लव्ह कुठला वापरायचा?"

"ग्लव्ह?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "हे लोक मोजे घालून झेल घेतात?"

"हो अण्णा. सगळेच."

"मग एक नंबर कुणालाच देऊ नका."

तळघरात शांतता पसरली. प्लंबर स्वतःच्या उघड्या तळव्याकडे बघत होता. त्या क्षणी माझं आणि माझ्या तक्त्यांचं काम संपलं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मूर्खासारखा समजावत बसलो. म्हटलं, अण्णा, मुद्दा असा की याच्या चुका कमी दिसतात, कारण चेंडूपर्यंत हा पोचतच नाही. पोचला आणि सुटला तर चूक मांडली जाते. पोचलाच नाही तर फलंदाजाचा हिट. याच्या नावावर काहीच नाही.

अण्णांचे डोळे चमकले. "म्हणजे फाइल टेबलावर येऊच द्यायची नाही."

"अगदी तेच."

"हुशार माणूस आहे हो! असे लोक सचिवापर्यंत जातात."

"अण्णा, मी त्याचा दोष सांगतोय."

"पारितोषिक वगैरे काही?"

द्यावं लागलं उत्तर. २००४ आणि २००५, लागोपाठ दोन वर्षं गोल्ड ग्लव्ह, तेही क्षेत्ररक्षणाचंच. प्लंबर पुन्हा उभा राहिला. मी घाईघाईने सांगितलं, की तेव्हा गोल्ड ग्लव्ह संघांचे व्यवस्थापक आणि प्रशिक्षक मत देऊन ठरवायचे, आणि याच मंडळींनी १९९९ मध्ये राफाएल पाल्मेरोला पहिल्या बेसचा गोल्ड ग्लव्ह दिला होता. त्या मोसमात तो पहिल्या बेसवर अवघे २८ सामने उभा राहिला होता. बाकी वेळ नुसती फलंदाजी. अमेरिकेत हा किस्सा सांगितला की लोक हसतात.

अण्णा हसले नाहीत. "नाव यादीत राहून गेलं असेल. होतं असं. काढायला पत्र लागतं." मग त्यांनी विचारलं, "प्रकृतिमान?"

"उत्तम," प्लंबर म्हणाला.

"सचोटी?"

प्लंबरने छातीवर हात ठेवला.

"वरिष्ठांशी वर्तणूक?" प्लंबरला गहिवरून आलं.

अण्णांनी चिवड्याचा डबा बंद केला. "चार देऊ नका. चार म्हणजे प्रतिकूल शेरा. प्रतिकूल शेरा संबंधिताला कळवावा लागतो, मग तो अभिवेदन करतो, मग खुलासा तुम्हालाच. दोनही देऊ नका, वर बसलेल्यांना वाटतं तुम्ही वाचलंच नाही. तीन द्या. आमच्याकडे 'निश्चित चांगला' असा शेरा होता. काय निश्चित, कुणालाच माहीत नसायचं. कधी तक्रार आली नाही."

मंजूर. एका मिनिटात. जो प्लंबर मला 'दोनच्या खाली बोलूच नकोस' म्हणत होता, तो तीनवर खूश होऊन अण्णांचा हात हलवत होता. कमिशनरने, गणिताच्या शिक्षकाने, माझे आकडे न उघडता तक्त्यावर तीन लिहिलं. मी म्हटलं, निदान स्ट्राइकआऊटची वजाबाकी तरी बघा. तो म्हणाला, "नंतर." तो कागद अजून त्याच्या सोफ्याच्या तुटक्या पायाखाली आहे.

जॅक केरुॲक शहाणा. त्यानेही लहानपणापासून स्वतःचा कार्डांचा बेसबॉल चालवला होता, मोठा लेखक झाल्यावरही सोडला नाही. ते कागद न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेत. पण त्याने संघ काल्पनिक घेतले, मोटारींच्या नावांचे, आणि खेळाडूही पुष्कळसे मनातले. हव्या त्या खेळाडूला हवे ते नंबर. मनातल्या शॉर्टस्टॉपसाठी कोणी सोफा मोडत नाही. आणि २०२० मध्ये जीटर बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी निवडला गेला तेव्हा ३९७ पैकी ३९६ मतं त्याला पडली. उरलेल्या एकाने अजून स्वतःचं नाव सांगितलेलं नाही. तो भेटला तर मी त्याला पुरणपोळी करून घालणार आहे.

डिक स्टुअर्टच्या वेळी बरं होतं. १९६३ मध्ये पहिल्या बेसवर त्याने २९ चुका केल्या. वाऱ्याने उडत आलेला हॉटडॉगचा कागद त्याने अचूक पकडला तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, असं सांगतात. त्याला पाच द्यायला ना तक्ता लागतो ना सासरा. त्रास देतात ते मधले. जो देखणा झेपावतो त्याला का झेपावं लागलं, हे कोणी विचारत नाही. जो दोन पावलं आधीच सरकून उभा होता त्याचा फोटो येत नाही. हे मी बेसबॉलबद्दल म्हणतोय. ऑफिसात मलाही दरवर्षी पाचपैकी तीन मिळतात, तो वेगळा विषय. माझी सिस्टिम पडत नाही म्हणून माझं काम दिसत नाही. शेजारच्या क्यूबिकलवाल्याची दर महिन्याला पडते, तो रात्रभर जागून उभी करतो आणि सकाळी त्याच्या नावाने सगळ्यांना मेल जाते. मॅनेजर मला म्हणाला, "तू सॉलिड आहेस." म्हणजे 'निश्चित चांगला'च की. वजाबाकी त्यानेही बघितली नाही. घरी येऊन सांगितलं तर अण्णा म्हणाले, "तीन? चांगले आहेत. अभिवेदन करू नका."

परवा कमिशनरची मेल आली. अण्णांना. मला फक्त प्रत. आउटफिल्डच्या, म्हणजे लांब सीमेकडे उभ्या असलेल्या, खेळाडूंच्या थ्रोचे नंबर लावायचे आहेत, तुम्ही घ्याल का? अण्णांनी ते काम घेतलं आहे. ते बोलतात, मी टाइप करतो. या नंबरांत उणे सहा म्हणजे बंदुकीसारखा हात आणि अधिक सहा म्हणजे नुसतं लटकणारं मनगट. यावर त्यांनी दोन संध्याकाळी हरकत घेतली. "उणे म्हणजे चांगला? कुठल्या अधिवेशनात ठरलं हे?" प्लंबर आता शनिवारी सकाळी त्यांना भेटायला येतो, येताना डोनट आणतो आणि आमच्या सिंकखाली डोकावूनही बघत नाही.

परतीचं तिकीट मार्चचं आहे. अण्णांना मुदतवाढ हवी आहे. म्हणून काल रात्री आय-५३९ अर्ज उघडून बसलो.

"कारण काय लिहू?"

"लिहा, आउटफिल्डचे शेरे प्रलंबित."

"अण्णा, तुम्ही पर्यटक म्हणून आलात. इथे काम करताय असं त्यांना वाटलं तर पंचाईत होईल."

"काम कुठे करतोय? शेरे देतोय. खात्यात इतकी वर्षं हा फरक कोणाच्या लक्षात आला नाही, तुमच्या इमिग्रेशनच्या काय येणार?"