ड्रोनने युद्ध जिंकलं म्हणे!

आर्मेनिया आणि अझरबैजान ज्यावरून लढले त्या काराबाख या डोंगराळ प्रदेशाचा विषय निघाला की आपल्याकडचे हौशी संरक्षणतज्ज्ञ लगेच 'बायरक्तार' या तुर्की ड्रोनचं गुणगान सुरू करतात. 2020 चं 44 दिवसांचं युद्ध अझरबैजानने जिंकलं ती या ड्रोनची कमाल, आता रणगाडे भंगारात काढा, वगैरे. मला हे अर्धवट वाटतं.

ड्रोननी आर्मेनियाचं प्रचंड नुकसान केलं, यात वादच नाही. पण त्यांना आकाश मोकळं कसं मिळालं? अझरबैजानने शेतावर फवारणी करणारी जुनी आन-2 विमानं बाहेर काढली. 1947 साली पहिल्यांदा उडालेलं हे दुपंखी धूड! ती वैमानिकाविना शत्रूच्या मोर्चांवर सोडली. खालून रडार सुरू झालं, क्षेपणास्त्र सुटलं, की मारणाऱ्याचा ठावठिकाणा उघडा. मग वरून बायरक्तार टीबी-2, नाहीतर लक्ष्यावर स्वतःच आदळून फुटणारं इस्रायली हारोप ड्रोन. डोकं यात आहे, ड्रोन नंतर.

आर्मेनियाला कल्पना नव्हती म्हणावं, तर 2016 च्या एप्रिलमध्ये चार दिवसांच्या लढाईत हारोप त्यांनी अंगावर झेललं होतं. त्यावर इलाज काय केला? त्याच वर्षी संचलनात इस्कंदर क्षेपणास्त्रं मिरवली आणि पुढे रशियाकडून चार सुखोई-30 आणली. नाकापेक्षा मोती जड. युद्ध पेटलं तेव्हा ही विमानं लढाईत उतरलीच नाहीत. त्यांच्यासाठी क्षेपणास्त्रंच घेतलेली नव्हती, हे खुद्द पंतप्रधान पाशिनियान यांनी 2021 मध्ये मान्य केलं.

आणि शुशा? युद्धाचा निकाल लावणारं ते डोंगरमाथ्यावरचं शहर अझरबैजानच्या सैनिकांनी हलकी शस्त्रं घेऊन, कडे चढून घेतलं. धुक्यामुळे तिथे ड्रोनचा फारसा उपयोगच नव्हता. अझरबैजानचेही सुमारे 2,900 सैनिक या युद्धात गेले. ड्रोनच्या व्हिडिओत ते दिसत नाहीत.

सप्टेंबर 2023 मध्ये तर अझरबैजानने उरलेल्या काराबाखवर हल्ला केला आणि एका दिवसात खेळ आटोपला. रशियन शांतिसैनिक तिथेच होते, त्यांनी काही अडवलं नाही. लाखावर आर्मेनियन घरदार सोडून निघाले. मॉस्कोच्या भरवशावर राहण्याची ही किंमत. पुढच्याच वर्षी पाशिनियान यांनी रशियाप्रणित लष्करी संघटनेतला (सीएसटीओ) आर्मेनियाचा सहभाग गोठवला.

आता आर्मेनिया भारताकडून पिनाक रॉकेट लाँचर, आकाश हवाई संरक्षण क्षेपणास्त्रं, स्वाती रडार घेतोय, फ्रान्सकडून सीझर तोफा. पिनाक पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेची, त्यामुळे आपल्याकडे छाती फुगणारच. फुगू द्या, माझीही फुगते. पण पिनाकची एक बॅटरी, म्हणजे लाँचरची तुकडी, 44 सेकंदांत 72 रॉकेटं सोडते. पुढची रॉकेटं आणायची कुठून? या देशाला समुद्र नाही. तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या सीमा वर्षानुवर्षं बंद. उरले जॉर्जिया आणि इराण, आणि ऐन लढाईत यांतला कोणता रस्ता चालू राहील ते आर्मेनियाच्या राजधानीच्या, येरेवानच्या हातात नाही. म्हणून सौद्याची बातमी आली की मी लाँचरचा आकडा बघत नाही. सोबत रॉकेटं किती घेतली, ती साठवणार कुठे आणि सुटे भाग तिथेच बनवण्याचा करार आहे का, एवढंच शोधतो.