‘मॅग्नेशियम घ्या, मन खंबीर ठेवा, फिटची गोळी सोडा’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

ऑक्टोबरच्या छाटणीची धांदल चालू असताना दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार दिंडोरी रोडवरील माझ्या औषधाच्या दुकानात आले आणि त्यांनी काउंटरवर लेव्हेटिरॅसिटॅम या फिटवरील औषधाच्या सहा स्ट्रिप ठेवल्या. त्यांतली एक कात्रीने अर्धी कापलेली होती. “भाऊ, हे परत घ्या आणि यातलं द्या,” असे म्हणून त्यांनी मोबाइलवरचा एक संदेश पुढे केला. गोळ्या त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलीच्या होत्या आणि चौदा महिन्यांत तिला एकही फिट आलेली नव्हती. तोच संदेश त्या आठवड्यात आणखी दोन गिऱ्हाइकांनी मला दाखवला, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

संदेशाचा आशय थोडक्यात असा. अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, हा मुळात पोषणाच्या कमतरतेचा आजार आहे. मॅग्नेशियम, बी-६ जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ यांनी ती कमतरता भरून निघते. सोबत ब्राह्मी-शंखपुष्पी घ्यावी, ती नैसर्गिक असल्याने अपाय होत नाही. मनातील भीती काढून सकारात्मक विचार केला की मेंदू शांत होतो. डॉक्टरांच्या गोळ्या आजार फक्त दाबून ठेवतात आणि कंपन्यांना आयुष्यभराचे गिऱ्हाईक मिळवून देतात, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात त्या बंद कराव्यात.

या प्रत्येक विधानात सत्याचा एकेक कण आहे. म्हणूनच ते सरसकट खोटे म्हणून उडवून लावता येत नाही, एकेक करून तपासावे लागते.

“अपस्मार हा पोषणाच्या कमतरतेचा आजार आहे.” रक्तातील साखर, सोडियम, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम फार खाली गेले तर झटका येतो, हे खरे आहे. पण तो त्या कमतरतेचा झटका असतो, आणि कमतरता भरून काढली की सहसा थांबतो. अपस्मार म्हणजे असे तात्कालिक कारण नसतानाही झटके पुन्हा पुन्हा येण्याची मेंदूची प्रवृत्ती. २०१४ पासून रूढ असलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार २४ तासांहून अधिक अंतराने असे किमान दोन झटके यावे लागतात, किंवा एकच झटका येऊन पुढील दहा वर्षांत तो पुन्हा येण्याची शक्यता किमान ६० टक्के असावी लागते. जन्माच्या वेळी मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, डोक्याला झालेली इजा, पक्षाघात, मेंदूज्वर, आनुवंशिक दोष अशी त्याची अनेक कारणे आहेत. आपल्याकडे त्यांत न्यूरोसिस्टिसर्कोसिसची भर पडते. पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा दूषित पाण्यातून पोटात जातात आणि त्यांच्या अळ्या मेंदूत घर करतात. हा आजार शुद्ध शाकाहारी माणसालाही होतो. सुमारे निम्म्या रुग्णांत तर कारण सापडतच नाही. यांपैकी कोणते कारण मॅग्नेशियमच्या कॅप्सूलने दूर होणार, हे संदेश सांगत नाही.

मी त्या बागायतदारांना विचारले, की बागेला मॅग्नेशियम देण्याआधी तुम्ही काय करता? ते चटकन म्हणाले, “देठ परीक्षण,” म्हणजे पानांच्या देठातील अन्नद्रव्यांची तपासणी. मग मुलीच्या रक्तातले मॅग्नेशियम कधी तपासले होते? ते तपासले होते आणि अहवालात प्रमाण योग्य होते. वेलीला जो न्याय ते लावतात, तोच मुलीला लावायचा असे ठरले असते तर हा प्रश्न तिथेच मिटला असता.

“बी-६ ने फिट थांबतात.” काही मुलांच्या थांबतात, आणि अगदी नाट्यमय रीतीने थांबतात. बी-६ वर अवलंबून असलेल्या अपस्माराचे वर्णन १९५४ साली झाले. लायसीन या अमिनो आम्लाच्या विघटनातील जन्मजात दोषामुळे शरीरात साठणारा एक पदार्थ बी-६ ला निकामी करतो आणि बाळाला बहुधा जन्मानंतरच्या काही दिवसांतच झटके येऊ लागतात. नेहमीच्या औषधांना ते दाद देत नाहीत, बी-६ च्या मोठ्या मात्रेला देतात. हा अत्यंत दुर्मीळ आजार आहे, आणि बाराव्या-पंधराव्या वर्षी प्रथमच फिट आलेल्या मुलीला तोच असेल असे गृहीत धरण्यास काहीही आधार नाही. उलट बी-६ अमर्याद घेतल्याने संवेदना वाहून नेणाऱ्या नसांना इजा होते, हातापायांना बधिरपणा येतो आणि चालताना तोल जातो, हे १९८३ पासून नोंदलेले आहे. फेनिटॉइन हे फिटवरील औषध घेणाऱ्यांमध्ये मोठ्या मात्रेतील बी-६ त्या औषधाची रक्तातील पातळीही घटवू शकते.

मॅग्नेशियमचा दाखला देताना संदेश ‘मोठ्या परदेशी संशोधना’चा हवाला देतो. ते संशोधन खरे आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता आणि मॅग्नेशियम सल्फेटमुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. मात्र त्या सर्व स्त्रिया गरोदरपणातील वाढलेल्या रक्तदाबाच्या, म्हणजे प्री-एक्लॅम्पसियाच्या रुग्ण होत्या, औषध इंजेक्शनवाटे रुग्णालयात दिले गेले होते, आणि रोखायचे होते ते त्यातून उद्भवणारे एक्लॅम्पसियाचे झटके. बाळंतपणाच्या वॉर्डातील निष्कर्ष उचलून काउंटरवरच्या डबीवर चिकटवला, एवढेच या संदेशाने केले आहे.

ओमेगा-३ वर फार शब्द खर्च करण्याजोगे काही नाही. काही छोट्या चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. ज्या एका चाचणीत कमी मात्रेने थोडा गुण दिसला, तिच्यात जेमतेम दोन डझन माणसे होती आणि ती सर्व आपल्या नेहमीच्या गोळ्या घेतच होती. हे शेवटचे वाक्यांश लक्षात ठेवावे, कारण संदेश तेच गाळतो.

पूरक गोळ्यांना या आजारात स्थानच नाही असे मात्र मी म्हणणार नाही, कारण त्या मी रोज चिठ्ठीवर पाहतो. अपस्माराचे औषध घेणाऱ्या आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रीला फॉलिक ॲसिड दिले जाते. फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांची हाडे जपण्यासाठी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिले जाते. ही सारी गोळीच्या जोडीने दिलेली औषधे आहेत, गोळीच्या जागी दिलेली नव्हेत.

“नैसर्गिक असल्याने अपाय नाही.” या मुद्द्यावर औषधविक्रेता म्हणून मला सर्वाधिक काळजी वाटते. संदेशात सुचवलेल्या शंखपुष्पीचेच उदाहरण घेऊ. फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांना शंखपुष्पीचे सिरप सुरू केल्यावर आटोक्यातील फिट पुन्हा येऊ लागल्याचे मुंबईतील डॉक्टरांच्या लक्षात आले, त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले आणि सिरपच्या वारंवार मात्रांनी रक्तातील फेनिटॉइनची पातळी खाली जाते असे १९९२ साली प्रसिद्ध केले. स्मरणशक्ती वाढावी म्हणून परीक्षेच्या हंगामात आई-वडील जे सिरप सहज घेऊन जातात, त्याच प्रकारातले हे सिरप आहे, आणि ‘घरी दुसरे कोणते औषध चालू आहे का’ हा माझा प्रश्न पुष्कळांना आगाऊपणाचा वाटतो. दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. फिटवरील ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत आणि गोळ्यांत फेनोबार्बिटोनसारखी फिटवरील ॲलोपॅथीची औषधे गुपचूप मिसळलेली आढळल्याच्या नोंदी भारतात झालेल्या आहेत. अशा पुडीने गुण येतो यात नवल नाही. रुग्ण ॲलोपॅथीची गोळी सोडल्याच्या समाधानात तीच गोळी, मात्रा ठाऊक नसताना, घेत असतो, आणि पुडी संपली की एकाएकी बंद करतो.

“सकारात्मक विचारांनी मेंदू शांत होतो.” मन आणि अपस्मार यांचा संबंध नाही असे कोणताही न्यूरॉलॉजिस्ट म्हणणार नाही. ताण आणि अपुरी झोप यांमुळे झटका ओढवतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे माझे दोन-तीन रुग्ण पाळी बदलल्याच्या आठवड्यात हमखास फिटची तक्रार घेऊन येतात. नैराश्य अपस्माराच्या रुग्णांत इतरांहून अधिक आढळते आणि त्यावर उपचार व्हायलाच हवेत. स्नायू सैल सोडण्याच्या व्यायामाची एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात व्यायाम करणाऱ्यांचे झटके सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाले, पण तुलनेसाठी ज्यांना वेगळाच साधा उपक्रम दिला होता त्यांचेही सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. इथेही सगळ्यांच्या गोळ्या चालू होत्या.

‘केवळ मनाच्या बळावर बरा झालो’ असे सांगणारी सगळी माणसे खोटे बोलतात असेही नव्हे. काही झटके दिसायला फिटसारखे असतात, पण त्यांच्या वेळी मेंदूत अपस्माराच्या विद्युत लहरी नसतात. त्यांना विघटनात्मक झटके म्हणतात आणि त्यांवर मानसोपचार हाच मुख्य उपाय असतो. व्हिडिओ-ईईजी, म्हणजे चित्रीकरणासह मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, केल्याशिवाय हा फरक पुष्कळदा ओळखू येत नाही. अशा माणसाचा अनुभव त्याच्यापुरता खराच असतो, पण त्याला मुळात अपस्मार नव्हता.

या विधानाचा एक क्रूर भाग आहे, तो त्या दिवशी माझ्यासमोर उघड झाला. “पोरगी फार चिडचिडी झाली आहे, मनानं कमकुवत आहे, म्हणून तिला हे लागलं,” असे वडील म्हणाले. चिडचिड हा लेव्हेटिरॅसिटॅमचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. म्हणजे औषधाचा दोष मुलीच्या स्वभावावर टाकला गेला होता, आणि उद्या गोळी सोडून फिट आली तर तोही तिच्याच मनाचा दोष ठरणार होता. लग्नाच्या बाजारात अपस्माराची मुलगी आधीच खाली मान घालून उभी असते. हिंदू विवाह कायद्यात विवाहाला अडसर म्हणून असलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला, तरी बैठकीतील कुजबुज त्या दुरुस्तीने थांबलेली नाही.

“गोळ्या आजार फक्त दाबून ठेवतात.” हे बऱ्याच अंशी खरे आहे आणि ते मान्य करण्यात काही कमीपणा नाही. गोळी झटका रोखते, मूळ कारण पुसत नाही. पण झटका रोखणे ही किरकोळ गोष्ट समजू नये. विहिरीच्या कठड्याशी, चुलीपुढे, गंगापूर धरणाच्या पाण्यात किंवा दुचाकीवर आलेला एक झटका पुरेसा असतो. पाच मिनिटांहून अधिक चाललेला झटका ही तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ असते, आणि गोळी एकाएकी बंद करणे हे अशा लांबलेल्या झटक्याचे एक ठळक कारण आहे. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एकाचा अचानक मृत्यू होतो, तो बहुधा झोपेत, आणि संपूर्ण शरीराचे झटके आटोक्यात नसणे हा त्याचा सर्वांत मोठा धोका मानला जातो. दुसऱ्या बाजूला, योग्य निदान आणि औषध मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गोळी कधीच सोडता येत नाही असेही नाही. ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेने किमान दोन वर्षे फिट न आलेल्या १,०१३ रुग्णांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध केला. त्यांतील काहींनी औषध चालू ठेवले, तर काहींचे ते हळूहळू कमी करत बंद केले. पुढील दोन वर्षांत औषध घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के आणि बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के फिटमुक्त राहिले. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. बंद करणाऱ्या शंभरांतील एकोणसाठ जण ‘मला तर काही झाले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगू शकतात, आणि त्यांनी त्या काळात मॅग्नेशियम घेतले असते तर श्रेय मॅग्नेशियमला गेले असते. उरलेले एक्केचाळीस जण असले संदेश लिहीत नाहीत. शिवाय हे सारे दोन वर्षांनंतर, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते. बालपणातील काही प्रकारचे अपस्मार तर वयात येईपर्यंत आपोआपच थांबतात, त्यांचे श्रेयही अशीच कोणती तरी डबी घेऊन जाते.

कंपन्यांच्या नफ्याविषयीचा संशय मला अजिबात परका नाही, कमिशनचा खेळ मी रोज पाहतो. पण फेनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे, त्यांच्यावर आता कोणाची मक्तेदारी उरलेली नाही आणि जनऔषधी केंद्रात अपस्माराची औषधे स्वस्तात मिळतात. संदेशाच्या तळाशी मात्र तीन डब्यांच्या ‘कोर्स’साठी एक मोबाइल क्रमांक दिला आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानुसार ज्या आजारांवरील उपचारांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत अपस्मार आहे.

कापलेली स्ट्रिप मी तशीही परत घेऊ शकलो नसतो. बागायतदारांनी सहाही स्ट्रिप पिशवीत ठेवल्या आणि विचारले, “पण मग चिडचिडीचं काय करायचं?” त्यांच्या चिठ्ठीच्या मागे मी तीन ओळी लिहून दिल्या: चिडचिड कधी सुरू झाली, मात्रा वाढवल्यानंतर ती वाढली का, मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे शक्य आहे का. पुढची तारीख अकरा दिवसांवर होती. ती अलीकडे घेता येईल का हे विचारण्यासाठी त्यांनी काउंटरवरूनच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला.