२१ दिवसांचं गणित माझ्या तरी कामी आलं नाही

‘सलग २१ दिवस धावा, मग सवय आपोआप लागते’ हे धावण्याची सवय लावण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४! मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे लिहायलाच हवं होतं, कारण त्या २१ दिवसांच्या भरवशावर मी एकदा पळणं सोडून बसलो होतो. बाविसाव्या दिवशीही गजर नकोसा वाटला, तेव्हा वाटलं आपल्यातच काहीतरी कमी आहे. दोन महिने बूट कोपऱ्यात पडून होते.

परत सुरू झालं ते पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांमुळे. परभणीत कृषी विद्यापीठाच्या बाजूला ती पहाटे १६०० मीटरचा सराव करतात. मी धापा टाकत थांबलो की त्यातलं एखादं म्हणायचं, ‘काका, दम लागला तर चाला, पण घरी जाऊ नका.’ तेव्हापासून एक मिनिट पळतो, दोन मिनिटं चालतो, आठवड्यातून चारच दिवस. आणि आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा साडेपाचलाच बाहेर पडावं लागतं. सात वाजेपर्यंत ऊन चटके द्यायला लागतं. उन्हाळ्याबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं खरंच वाईट वाटलं.